'जर्मन कमांड'वर मोठ्या कुत्र्याचं पुनर्प्रशिक्षण: सेवा घ्यावी का, आणि घेतलीच तर काय तपासावं

श्वानप्रशिक्षकांच्या दरपत्रकात 'बेसिक ओबीडियन्स'च्या खाली हल्ली बऱ्याचदा आणखी एक ओळ असते: जर्मन आज्ञांवर पुनर्प्रशिक्षण. दीड-दोन वर्षांचा, आधी कुठंतरी अर्धवट शिकलेला, 'सिट' म्हटल्यावर तोंड फिरवणारा लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड घ्यायचा, त्याचे जुने शब्द सोडवायचे आणि त्याला परक्या भाषेतल्या नव्या शब्दांवर आणायचं, अशी ही सेवा. ती दोन प्रकारांत मिळते. एक, प्रशिक्षक काही आठवडे घरी येतो. दोन, कुत्रा काही आठवडे केंद्रात ठेवावा लागतो. आमचं मत आधीच सांगून टाकतो. घरी येणारा प्रशिक्षक कुत्र्याइतकंच घरच्या माणसांना शिकवत असेल, तर पैसे वसूल होतात. केंद्रात ठेवण्याचा प्रकार बहुतेक घरांनी घेऊ नये. आणि कुत्रा आधीच जर्मन किंवा डच शब्दांवर नीट तयार झालेला असेल, तर पुनर्प्रशिक्षणाच्या फंदात पडूच नये. दहा शब्द आपण पाठ करावेत.

या शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून तो आधी घेऊ. अमेरिकेतली अनेक पोलीस खाती आपले कुत्रे जर्मनी, नेदरलँड्स, चेक प्रजासत्ताक इथून विकत घेतात. कुत्रा येतो तो जर्मन 'प्लाट्स' किंवा चेक 'लेह्नी' ऐकून आडवा व्हायला शिकलेला. तिथले हँडलर त्याला सहसा इंग्रजी शिकवत बसत नाहीत, स्वतःच डच किंवा चेक शब्द घोकतात. माणसाचं हे काम एका संध्याकाळचं असतं, कुत्र्याचं काही आठवड्यांचं. म्युनिक-श्टुटगार्टहून परतताना कुत्रा बरोबर आणणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हेच लागू आहे. आजीला 'झिट्स' (बस) म्हणायला जड जाईल म्हणून कुत्र्याला मराठीवर आणायची घाई नको. तिथून निघण्याआधी प्रशिक्षकाकडून प्रत्येक आज्ञा त्याच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या आणि शब्दाबरोबर त्याचा हात, खांदा, मान कशी हलते याचा व्हिडिओही घ्या. 'फूस' म्हटल्यावर स्पर्धेसाठी तयार केलेला कुत्रा डाव्या पायाशी येतो. त्याला उजवीकडे चालवायची तुमची सवय असेल, तर सवय तुम्ही बदला. आयजीपी या प्रशिक्षित कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांतही आज्ञा कोणत्याही भाषेत द्यायला मुभा आहे, अट एवढीच की एका कृतीला शब्द कायम तोच हवा. जर्मन शब्दांत काही खास ताकद असते असं सांगणाऱ्यांना हा नियम दाखवावा.

मग भाषा बदलून मिळतं काय? ज्या कुत्र्याचे जुने शब्द निकामी झाले आहेत, त्याला बरंच मिळतं. काही शब्द झिजलेले असतात. 'सिट, सिट, अरे सिट ना' असं दिवसभर चालतं आणि त्यातल्या बहुतेक वेळा पुढं काहीच घडत नाही. कुत्रा त्यातून एवढंच शिकतो की या आवाजाकडे लक्ष देण्याची गरज नाही. काही शब्द विटलेले असतात. 'कम' म्हणून बोलावलं आणि तो आल्यावर कधी चापट मारली, कधी आंघोळीला नेलं, कधी पट्टा लावून मैदानातला खेळ संपवला. अमेरिकन प्राणिप्रशिक्षक कॅरन प्रायर यांनी अशा आज्ञेला 'पॉइझन्ड क्यू' (विषारी झालेला संकेत) म्हटलं आणि प्रशिक्षकांत तोच शब्द रूढ झाला. आणि काही शब्द घरच्या बोलण्यात विरघळून गेलेले असतात: 'बस', 'ये', 'थांब', 'नको'. पाहुण्यांना 'बसा, बसा' म्हणणं, भाजी वाढताना 'बस, बस' म्हणणं आणि कुत्र्याला 'बस' म्हणणं यांतला फरक त्यानं कसा ओळखायचा? परका शब्द या गर्दीतून बाहेर असतो, हा त्याचा खरा फायदा.

याला पूरक म्हणून बुडापेस्टच्या एओत्वोश लोरांड विद्यापीठातल्या संशोधनाचा दाखला दिला जातो. संशोधक लॉरा कुआया आपल्या कुन-कुन नावाच्या कुत्र्याला घेऊन मेक्सिकोहून हंगेरीला गेल्या आणि त्यांच्या गटानं १८ कुत्र्यांना मेंदूच्या स्कॅनमध्ये स्पॅनिश आणि हंगेरियन ऐकवलं. ओळखीची आणि अनोळखी भाषा ऐकताना मेंदूच्या हालचालीत फरक दिसला. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अभ्यास चांगला आहे, पण त्यात सलग वाचन ऐकवलं होतं. एका अक्षराच्या आज्ञेला तो निष्कर्ष चिकटवणं बरोबर नाही. आपल्या कामाला त्याच विद्यापीठातला २०२०चा दुसरा अभ्यास जास्त उपयोगी आहे. त्यात असं दिसलं की ओळखीचा शब्द आणि त्याच्यासारखाच, एखाद्या ध्वनीचाच फरक असलेला निरर्थक शब्द यांना कुत्र्यांच्या मेंदूनं वेगळा प्रतिसाद दिला नाही. अगदी वेगळ्या शब्दाला मात्र दिला. म्हणजे आज्ञा निवडताना एकदोन ध्वनींच्या फरकावर विसंबून राहता येत नाही. नेमकं इथंच बहुतेक कोर्सेसची शब्दांची यादी कच्ची असते.

तयार जर्मन यादी पहिल्या भेटीतच हातात ठेवली जाते: झिट्स (बस), प्लाट्स (आडवा हो), श्टे (उभा राहा), ब्लाइप (तिथंच थांब), हीअ (इकडे ये), फूस (पायाशी चाल), आउस (सोड), नाइन (नाही), फाइन (शाबास). ही यादी जर्मन घरासाठी ठीक आहे. मराठी घरात, आणि त्यातही आधी इंग्रजीवर वाढलेल्या कुत्र्यासाठी, ती जशीच्या तशी घेऊ नये. 'झिट्स' आपल्या तोंडी 'सिट्स' होतो, आणि तो जुन्या 'सिट'ला इतका लागून आहे की कुत्र्याला नवा वाटतच नाही. 'सिट' नुसता झिजलेला असेल तर हे फारसं बिघडवत नाही, विटलेला असेल तर सगळा खटाटोप फुकट. 'श्टे' म्हणजे उभा राहा, पण इंग्रजी 'स्टे'वर वाढलेला कुत्रा बसल्या जागी बसूनच राहतो, आणि त्याच्या दृष्टीनं तो बरोबरच असतो. ही आज्ञा यादीतून सरळ काढून टाकावी. पशुवैद्याकडे तपासणीसाठी उभं राहण्याची गरज असेल तर त्यासाठी हाताचा इशारा पुरतो. 'नाइन' नकारासाठी आणि 'फाइन' शाबासकीसाठी, ही जोडी तर एकत्र ठेवूच नये. शाबासकीला 'प्रीमा' घ्यावा, तो लांब आहे आणि दुसऱ्या कशासारखा नाही. तोंडातली वस्तू सोडण्यासाठी 'आउस' चांगला आहे, मात्र जून ते सप्टेंबर घरात 'पाऊस' हा शब्द दिवसभर चालतो; आज्ञा तुटक आणि खालच्या सुरात द्यायची सवय सर्वांनी लावली नाही तर घोळ होतो. सोडण्याचा शब्द, म्हणजे 'आता मोकळा', यासाठी बरेच जण 'फ्राइ' देतात. मासे खाणाऱ्या घरात तो चालायचा नाही. 'लाउफ' घ्या. 'ओके' तर मुळीच नको, तो माणसं फोनवरही सारखा म्हणतात.

फ्रेंच यादीतही मराठी घरासाठी असाच एक खड्डा आहे. बसण्याची आज्ञा 'असी' आहे आणि आपल्याकडे 'अशी' प्रत्येक दुसऱ्या वाक्यात येतो. ज्या कुत्र्याच्या डोक्यात 'सिट', 'स्टे', 'डाऊन' खोल रुतलेले आहेत, त्याच्यासाठी आम्हाला चेक शब्द जर्मनपेक्षा बरे वाटतात: बसण्याला 'सेद्नी', आडवं होण्याला 'लेह्नी', तोंडातली वस्तू सोडण्याला 'पुस्त्य'. पण 'सेद्नी' आणि 'लेह्नी' यांचा शेवट सारखा आहे, म्हणून त्यांतला एकच घ्यावा आणि दुसऱ्या कृतीसाठी जर्मन 'प्लाट्स' घ्यावा. भाषांची अशी सरमिसळ करायला काहीच हरकत नाही. प्रशिक्षक जर 'सगळं एकाच भाषेत हवं' असा हट्ट धरत असेल, तर तो यादी विकतोय, कुत्रा पाहत नाही. उच्चार अस्सल हवा असाही आग्रह नको. घरातल्या सर्वांचा उच्चार सारखा हवा, एवढंच. त्यासाठी देवनागरीत लिहिलेलं एक कार्ड फ्रिजवर लावलं की काम होतं. रोमन लिपीतलं कार्ड लावलं तर 'फूस'चा कुणी 'फस' करतो, कुणी 'फ्यूज'.

आता मुख्य काम. चांगला प्रशिक्षक पहिल्या भेटीत काहीही शिकवत नाही, तपासतो. तुम्ही हात पाठीमागं बांधून, कमरेत न वाकता, खिशाला हात न लावता जुना शब्द एकदाच म्हणायचा आणि ३ सेकंद थांबायचं. प्रत्येक शब्दाची १० वेळा चाचणी, दोन-तीन बैठकांत. ८ वेळा जमलं तर शब्द जिवंत आहे. ३-४ वेळाच जमलं, पण हात हलवताच लगेच जमतं, तर कुत्र्याला शब्द कधी कळलाच नव्हता, तो हाताकडे पाहत होता. असे कुत्रे भरपूर असतात. शब्द आणि हाताचा इशारा परस्परविरोधी दिले तर बहुतेक कुत्रे हाताचं ऐकतात, हे इटलीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं आहे. आणि शब्द ऐकून कुत्रा कान मागं टाकत असेल, ओठ चाटत असेल, जांभई देत असेल किंवा नजर चुकवत असेल, तर तो शब्द विटलेला. या तीन निदानांवर पुढचे उपाय वेगवेगळे आहेत. सर्वांना एकच इलाज लावणारा कोर्स घेऊ नका.

शब्द जिवंत किंवा नुसता झिजलेला असेल, किंवा हाताचा इशारा पक्का असेल, तर पूल बांधायचा. क्रम असा: नवा शब्द, एक सेकंद पूर्ण शांतता, मग जुना शब्द किंवा हाताचा इशारा, कृती, क्लिक (म्हणजे क्लिकर या छोट्या डबीचा 'टक' आवाज, 'बरोबर केलंस' सांगणारा), खाऊ. क्रम उलटा झाला किंवा दोन्ही एकाच वेळी दिले तर कुत्रा नवा शब्द ऐकतच नाही. ओळखीच्या संकेतानं त्याचं काम भागलेलं असतं, नव्याकडे लक्ष द्यायचं कारणच उरत नाही. घरोघरी होणारी चूक हीच आहे: 'प्लाट्स' म्हणताना हात आपोआप खाली जातो. आठवडाभर सराव होतो, सर्वांना वाटतं जमलं, आणि हात बांधला की कुत्रा टकमक पाहत उभा राहतो. मोबाइल समोर ठेवून आपलाच व्हिडिओ काढणं हा यावर सर्वांत स्वस्त उपाय आहे. एका बैठकीत १० आवर्तनं, ३ ते ५ मिनिटं, दिवसातून दोन-तीन बैठका. २०-३० आवर्तनांनंतर मधली शांतता २ सेकंदांवर न्यायची. कुत्रा जुन्या इशाऱ्याची वाट न पाहता हलायला लागतो, तो क्षण ओळखायचा: त्या वेळी खाऊचे ४-५ तुकडे एकापाठोपाठ एक द्यायचे आणि बैठक तिथंच संपवायची. त्यानंतर जुना इशारा हळूहळू अर्धवट करत बंद करायचा. एक शब्द पक्का व्हायला ३-४ दिवस लागतात असं धरावं, तोवर दुसरा सुरू करू नये.

शब्द विटलेला असेल तर हा पूल मुळीच बांधायचा नाही. जुन्या शब्दाची भीती नव्या शब्दावर चढते, आणि दोन आठवड्यांत 'हीअ' ऐकूनही कुत्रा सोफ्याखाली जातो. अशा वेळी कृतीच नव्यानं शिकवायची, जणू तो पिल्लू आहे. बोलावण्यासाठी सुरुवात खोलीत २ मीटरवरून: काही न बोलता मागं सरकायचं, कुत्रा आपणहून आला की क्लिक, आणि खाऊ आपल्या पायाशी जमिनीवर. तो हमखास येतो असं दिसू लागलं, म्हणजे दहातल्या नऊ वेळा, तेव्हाच शब्द लावायचा, तोही तो निघण्याच्या क्षणाआधी. मग दुसरी खोली, जिना, सोसायटीचं पार्किंग, शेवटी मैदान. मैदानात १० मीटरचा लांब पट्टा हवा, आणि तो छातीच्या हार्नेसला लावलेला. गळ्याच्या पट्ट्याला १० मीटरचा दोर लावला आणि कुत्रा मांजरामागं धावला तर मानेला जबर हिसका बसतो. नव्या शब्दावर बोलावून आंघोळ, नखं कापणं, औषध, घरी परत नेणं यांतलं काहीही करायचं नाही. या कामांसाठी आपण चालत कुत्र्यापर्यंत जायचं. मैदानात दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा खाऊ देऊन 'लाउफ' म्हणून परत सोडायचं.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एक पायरी येते आणि बऱ्याच घरांचा धीर तिथं सुटतो. जुना शब्द बंद झालेला असतो, नवा अजून घट्ट नसतो, आणि कुत्रा पूर्वी करायचा नाही असं काही करू लागतो: भुंकतो, पंजा मारतो, अंगावर उड्या घेतो. पूर्वी ज्यावर काहीतरी मिळायचं ते मिळेनासं झालं की असा उसळीचा काळ येतोच. तो काही दिवसांत ओसरतो, पण घरातल्या एकानं जरी त्या काळात दमून जुना शब्द वापरला, तरी सगळं मागं जातं. म्हणून कोर्स सुरू करण्याआधी घरात ठरवावं: जुने शब्द कुत्र्याशी बोलताना कुणीही वापरायचे नाहीत. यात स्वयंपाकाच्या ताई, फिरवायला येणारा मुलगा आणि रोज गेटवर 'शेकहँड' मागणारे वॉचमनकाका हे सगळे आले. प्रशिक्षकानं निदान दोन भेटी या माणसांबरोबर घ्याव्यात. ज्या कोर्समध्ये ही तरतूद नाही, तो आम्ही सुचवणार नाही.

साहित्याविषयी थोडक्यात. क्लिकर कुठलाही चालतो. पहिल्यांदा वाजवताना कुत्रा दचकला तर रुमालात गुंडाळून वाजवा. आधी १५-२० वेळा नुसतं क्लिक आणि खाऊ, बाकी काही मागायचं नाही. खाऊसाठी मीठ न घातलेलं उकडलेलं चिकन, अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे. मोठा तुकडा चावण्यात वेळ जातो आणि लय तुटते. खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपुढं जाऊ नये. सरावाच्या दिवसांत जाणारच असेल तर जेवणातला भात किंवा कोरडं खाणं तेवढं कमी करा. पनीर सर्वांना पचत नाही. मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण घातलेलं काहीही कुत्र्याला घातक आहे, आणि झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असलेलं पीनट बटरही. एप्रिल-मे महिन्यात बाहेरचा सराव सकाळी आठच्या आत संपवा, डांबराला तुमचा तळहात ५ सेकंद टेकवत नसेल तर त्याचा पंजाही टेकू नये.

साहित्यातच एक गोष्ट अशी येते की जिच्यावर आम्ही ठाम आहोत. 'जर्मन पद्धत' या नावाखाली चोक चेन (ओढल्यावर गळा आवळणारी साखळी), आत वळलेल्या काट्यांची प्राँग कॉलर किंवा विजेचा झटका देणारा पट्टा पुढं केला जातो. ज्या देशाचं नाव घेऊन हे विकलं जातं, तिथं प्रशिक्षणात काट्यांचा पट्टा वापरायला १ जानेवारी २०२२ पासून कायद्यानं बंदी आहे. विजेच्या पट्ट्याचा वापर प्राणिसंरक्षण कायद्यात बसत नाही, असा निकाल जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयानं २००६ मध्येच दिला. शिवाय २०१४ पासून तिथं व्यवसाय म्हणून कुत्र्यांचं प्रशिक्षण करायला सरकारी परवाना लागतो. आपल्याकडे अशी परवान्याची अट नाही, त्यामुळं तपासणी ग्राहकालाच करावी लागते. पुनर्प्रशिक्षणात तर हे पट्टे दुहेरी नुकसान करतात. कुत्र्याचे जुने शब्द बहुतेक वेळा शिक्षेमुळंच विटलेले असतात. नव्या शब्दाबरोबर पुन्हा हिसका आला तर तोही महिन्याभरात तसाच विटतो, आणि मग तिसरी भाषा शोधत बसावं लागतं. पहिल्या भेटीत प्रशिक्षकाच्या पिशवीतून यांतलं काही निघालं, तर त्या दिवसाचे पैसे देऊन कोर्स थांबवा.

केंद्रात ठेवण्याच्या प्रकाराला आमचा विरोध दुसऱ्या कारणासाठी आहे. कुत्रा तिथं शिकतो, यात शंका नाही. पण तो शिकतो त्या माणसाच्या आवाजावर, त्या अंगणात, त्या वेळापत्रकात. घरी आल्यावर दार तेच, सोफा तोच, माणसं तीच, आणि त्या सगळ्यांना जोडलेल्या जुन्या सवयीही तिथंच वाट पाहत असतात. कुत्रे एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप लावत नाहीत, हे प्रशिक्षणातलं अगदी प्राथमिक ज्ञान आहे. केंद्राकडून येणारे व्हिडिओ कापून जोडलेले असतात, त्यात चुकलेली आवर्तनं दिसत नाहीत. एखाद्या घराला खरोखरच हा प्रकार घ्यावा लागला, म्हणजे घरात आजारपण आहे किंवा कुत्रा आवरतच नाही, तर करारात हस्तांतराच्या किमान चार भेटी लिहून घ्या, त्यातल्या दोन तुमच्या घरी. न कापलेले १० मिनिटांचे व्हिडिओ आठवड्याला मागा. रेबीज, डीएचपीपीआय (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्रित लस), लेप्टोस्पायरोसिस आणि केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) या लसी झालेल्याच कुत्र्यांना केंद्रात घेतात का, हे आधी विचारा. सांगायला नको, ठरवलेल्या वेळेव्यतिरिक्त भेटायला जायची मुभा नसेल तर तिथं कुत्रा ठेवू नये.

शब्द बदलून जे सुटत नाही, त्याचीही यादी जाहिरातीत नसते. एकटं सोडल्यावर दार कुरतडणं, घाबरून चावणं, फटाक्यांची दहशत, दुसऱ्या कुत्र्यांवर झेपावणं, यांचा भाषेशी संबंध नाही. यांवर वर्तनोपचाराची कामं वेगळी असतात आणि काही वेळा पशुवैद्याची औषधंही लागतात. आज्ञा अचानक ऐकेनासा झालेला मोठा कुत्रा आधी डॉक्टरकडे न्यावा. लॅब्रॅडॉर आणि कॉकर स्पॅनिएलच्या लोंबत्या कानांत पावसाळ्यात संसर्ग होतो आणि ऐकू कमी येतं. जर्मन शेफर्डच्या खुब्याच्या सांध्यात दोष असेल तर प्रत्येक 'झिट्स' त्याला दुखवतो. तो हट्टी नसतो. अशा कुत्र्याला बसवण्याऐवजी उभं ठेवूनच थांबायला शिकवावं. म्हातारपणी बहिरेपण येऊ लागलं असेल तर कोणत्याच भाषेचा उपयोग नाही, हाताचे इशारे पक्के करा.

विक्रीचा एक लाडका मुद्दा असा, की चोराला जर्मन येत नाही म्हणून तुमचा कुत्रा फक्त तुमचंच ऐकेल. हे पटण्यासारखं वाटतं, पण घरपाळीव कुत्र्याच्या बाबतीत त्याला फारसा अर्थ नाही. अनोळखी माणसाचं ऐकणं-न ऐकणं हे शब्दापेक्षा त्याच्या देहबोलीवर, हातातल्या खाण्यावर आणि कुत्र्याच्या स्वभावावर ठरतं. उलट धोका आपल्याच बाजूला जास्त आहे. तुम्ही गावाला गेलात, कुत्रा शेजाऱ्यांकडे आहे, दार उघडं राहिलं, आणि त्याला थांबवायला कुणालाच शब्द माहीत नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरलाही माहीत नाही. म्हणून बोलावण्याची आणि थांबवण्याची आज्ञा, तिच्या उच्चारासह, देवनागरीत छापून कॉलरच्या टॅगवर किंवा पट्ट्यावर लावलेल्या पट्टीवर ठेवावी. गुप्तता राहत नाही, कुत्रा राहतो.

पैसे देण्याआधी प्रशिक्षकाला विचारण्यासारखं बरंच आहे, पण वेळ कमी असेल तर तीन गोष्टी पुरतात. माझ्या कुत्र्याचा कुठला शब्द झिजलेला आणि कुठला विटलेला, हे तुम्ही कसं ठरवणार? उत्तरात चाचणीची पद्धत यायला हवी. कुत्र्यानं चूक केली तर तुम्ही काय करता? 'करेक्शन देतो' एवढंच उत्तर आलं तर करेक्शन म्हणजे काय ते करून दाखवायला सांगा. आणि शेवटची भेट झाल्यावर महिन्याभरानं एक मोफत तपासणी आहे का? त्या तपासणीत प्रशिक्षकानं स्वतः आज्ञा द्यायच्या नाहीत. घरातला जो माणूस कुत्र्याबरोबर सर्वांत कमी वेळ असतो त्यानं, हात पाठीमागं बांधून, सोसायटीच्या गेटजवळ, वर्दळ असताना प्रत्येक आज्ञा एकदाच द्यायची. दहापैकी आठ वेळा जमलं नाही, तर उरलेल्या भेटी त्याच पैशांत, हे पावतीवर लिहून घ्या.